आधी फांदी ओळखा, मग कात्री

“काय गं मास्तरीण, चांगला चढलेला वेल अन् तू त्याचा शेंडाच मोडलास?”

काकूंना कुंपणापलीकडचं सगळं दिसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर माझ्या दोरीवरच्या साडीचा उसवलेला फॉलसुद्धा दिसतो. त्या जालना जिल्ह्यातल्या, परतूरकडच्या. उभा जन्म कपाशी-तुरीत गेला, आता नाशकात मुलाकडे असतात. मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण शेत म्हणून माझ्या नावावर गच्चीतल्या कुंड्या आणि ही चार वाफ्यांची बाग. आमच्या दोघींमध्ये छातीएवढी भिंत, भिंतीवर जाळी आणि जाळीवर माझा दुधी. त्यामुळे दुधीबद्दल मत द्यायचा निम्मा हक्क काकूंचा, आणि त्या तो पुरेपूर वापरतात.

“मोडला नाही काकू, थ्री-जी कटिंग केलं.”

“नातवाच्या मोबाईलमधी फाइव्ह-जी आलं, अन् तू अजून थ्री-जीतच?”

मग समजावणं आलंच. दुधीच्या मुख्य वेलाला बहुतेक नरफुलंच येतात. ती उमलतात, गळून जातात, आणि आपण फळ धरत नाही म्हणून खताला दोष देतो. ह्या वेलाचा शेंडा खुडला की पानांच्या बगलेतून आडवेल फुटतात, ती दुसरी पिढी. त्यांचे शेंडे खुडले की तिसरी, म्हणजेच थ्री-जी. ह्या तिसऱ्या पिढीच्या वेलांवर मादीफुलं जास्त. मादीफूल ओळखायला शाळेत जावं लागत नाही, फुलाखाली करंगळीएवढा दुधी आधीच धरलेला असतो.

“हे आमच्या सासूबाई करायच्याच की. मांडवावर वेल गेला की शेंडा खुडायच्या. म्हणायच्या, आता पांगू दे त्याला. त्याला जी-बी काही म्हणत नव्हत्या.” काकूंनी जाळीतून हात घालून एक आडवेल माझ्या बाजूने त्यांच्या बाजूला वळवून घेतला. “पण मला एक सांग. तिकडच्या वाफ्यात काकडी लावलीस, तिचाबी शेंडा तोडणार का?”

“नाही. ते बी पॉलिहाऊसच्या जातीचं आहे. तिला मुख्य वेलावरच, जवळजवळ प्रत्येक पेऱ्याला मादीफूल येतं. तिचा शेंडा खुडला तर आपलंच नुकसान.”

“हां. मग तुला कळतंय.” काकूंचं प्रमाणपत्र मिळालं. “नाहीतर आपल्या कॉलनीत हल्ली जो उठतो तो कात्री घेऊन उठतो. कोपऱ्यावरच्या साहेबांचं ऐकलंस ना?”

ऐकलं होतं, पण काकूंच्या तोंडून ऐकण्यात मजा वेगळी.

“अगं, त्यांच्या दारचा नारळ वायरीला लागायला लागला. तर साहेबांनी माणूस चढवला अन् वरून छाटून घेतला. म्हणाले, आता खालून चार फांद्या फुटतील, झाड डेरेदार होईल! नारळाला फांद्या! महिनाभर रोज सकाळी मान वर करून बघायचे. आता नुसता खांब उभाय. त्याच्यावर कावळा बसतो.”

हसू आवरत मी शास्त्र सांगितलं. नारळाला, सुपारीला वाढीचा कोंब एकच, तोही अगदी टोकाला, पानांच्या गाभ्यात. पानांच्या बगलेत डोळे असतात, पण त्यांतून फुलोरा निघतो, फांदी नाही. तो एक कोंब गेला की झाड संपलं. आंबा, पेरू, शेवगा, गुलाब ह्यांच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक डोळा झोपलेला असतो. शेंडा गेला की तो जागा होतो.

“झोपतो काहून पण? जागा राहिला तर काय बिघडतं?”

हा प्रश्न मला शाळेत एकाही मुलाने विचारला नव्हता. मी भिंतीला टेकले.

“शेंडा त्याला झोपवून ठेवतो काकू. शेंड्यात ऑक्सिन नावाचं एक द्रव्य तयार होतं. ते खोडातून खाली उतरत राहतं, आणि जोवर ते येतंय तोवर खालचे डोळे दबलेले राहतात. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस ह्यांनी १८८० साली एक पुस्तक लिहिलं, त्यात गवताच्या कोवळ्या कोंबांवरचे प्रयोग आहेत. उजेडाची दिशा कोंबाच्या टोकाला कळते आणि वाकतो मात्र खालचा भाग, हे त्यांनी पाहिलं. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो. तो निरोप नेणारं द्रव्य पुढे हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट ह्यांनी १९२०च्या दशकात ओटच्या कोंबातून वेगळं काढून दाखवलं. आणि थिमन-स्कूग ह्या दोघांनी १९३०च्या दशकात घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय झाडाचा शेंडा कापला आणि कापल्या जागी ऑक्सिन लावलं. शेंडा नव्हता, तरी खालचे डोळे उठले नाहीत.”

“म्हणजे थोरली जाऊ माहेरी गेली, पण फोनवरून घर चालवतीय,” काकू म्हणाल्या.

ह्याच्याहून चांगलं मला तीस मुलांच्या वर्गात सांगता आलं नसतं. मी पुढचंही सांगून टाकलं. ऑक्सिन डोळ्याला थेट जाऊन दाबत नाही, मध्ये आणखी द्रव्यं आहेत. मुळांकडून येणारं एक द्रव्य डोळ्यांना फुटू देत नाही, ते स्ट्रिगोलॅक्टोन. त्याचं हे काम २००८ मध्ये कळलं. आणि २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्यावर दाखवलं की शेंडा तोडल्यावर डोळा हलतो तो आधी साखरेमुळे. शेंड्याकडे ओढली जाणारी साखर वाट बदलून बगलेतल्या डोळ्याकडे जाते, आणि ऑक्सिन कमी झाल्याची वार्ता खाली पोचायच्या आत डोळा उठलेला असतो.

“पोटाला मिळालं की उठणारच. त्याला ऑस्ट्रेलियाला कशाला जायचं?” काकूंनी विषय मिटवला. मग आवाज खाली आणला. “बरं, उठण्यावरून आठवलं. वरच्या मजल्यावरची सून सकाळी नऊला उठती. नवरा डबा स्वतः करून नेतो.”

“दोघंही नोकरी करतात काकू. तिची रात्रपाळी असते.”

“हां? मग बरंय. मला वाटलं...” काय वाटलं ते राहिलंच, कारण काकूंची नजर माझ्या टोमॅटोवर गेली होती. “ह्याचे बगलफुटवे काढलेस वाटतं. कुणी शिकवलं?”

टोमॅटोला शेंडा ठेवायचा आणि बगलेतलं काढायचं, म्हणजे दुधीच्या बरोबर उलट. काठीला बांधून उंच वाढवायच्या जातीला बगलफूट ठेवली तर पानांचं रान होतं, हवा खेळत नाही, करपा येतो आणि फळ बारीक राहतं. पण बुटकी जात असेल तर तिची वाढ फुलोऱ्यावर आपोआप थांबते. तिच्या बगलफुटी काढल्या म्हणजे फळंच काढून टाकली. दोन्ही रोपं नर्सरीत शेजारी शेजारी, दोन्हीचं नाव टोमॅटो. घेताना विचारून घ्यायचं.

“मी नाही काढले, माळीबाबांनी काढले,” मी म्हटलं. “पण मी त्यांना आधी साबणाने हात धुवायला लावले. ते रागावले.”

“का? सोवळं का टोमॅटोला?”

“ते तळहातावर तंबाखू मळतात ना. तंबाखूच्या पानात केवडा रोगाचा विषाणू असू शकतो, वाळलेल्या पानातसुद्धा तो टिकून राहतो. टोमॅटो आणि तंबाखू एकाच कुळातले. मळलेल्या हाताने बगलफूट मोडली की जखमेतून रोग थेट आत. जगात सगळ्यात आधी ओळखला गेलेला विषाणू हाच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी.”

काकूंनी पदराखालची मिश्रीची डबी जरा आत सरकवली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

“निपाणीकडं तंबाखूचाबी शेंडा मोडतात, ठाऊकाय का?” त्यांनी सफाईने रोख बदलला. “माझी बहीण दिली होती तिकडं. फूल दिसायला लागलं की कळा मोडायचा, अन् मग बगलेतनं जी पिलं फुटतात तीबी आठ-आठ दिवसांनी काढायची. पान जाड पाहिजे, तिखट पाहिजे. फुलाला जाऊ दिलं तर सगळा दम बियात जातो.”

हे मात्र पुस्तकातल्यासारखं नेमकं होतं. तुळशीची मंजिरी खुडतात ती ह्याच हिशेबाने. बी धरलं की तुळस वाळायला लागते, मंजिरी खुडत राहिलं की पाला येत राहतो. चहाचंही तेच. मोकळं सोडलं तर चहाचं झाड होतं. ते कमरेएवढं ठेवून सारखे शेंडे खुडतात म्हणून सारखी कोवळी पानं मिळतात. आपल्याला पान हवंय की फूल की फळ, ह्यावर शेंड्याचं नशीब ठरतं.

“चहावरून आठवलं, ठेवलाय का?” काकूंनी विचारलं.

चहा भिंतीवरूनच दिला. कप देताना त्यांचा हात पाहिला. उजव्या अंगठ्याचं नख अजून जाड, कडेला हिरवट काळं. गाव सोडून वर्षं झाली तरी गेलेलं नाही.

“हे कपाशीचं नाही, हरभऱ्याचं,” त्यांनी माझी नजर ओळखली. “थंडीत महिन्याच्या आतबाहेरचा हरभरा झाला की बाया शेंडे खुडायला निघायच्या. आंब असती त्याच्यावर, बोटं चरचरतात. मालक खुशीनं खुडू द्यायचा. त्याला ठाऊक असायचं, जितके शेंडे जातील तितकं झाड पसरणार, तितके घाटे. अन् आम्हाला फुकटात भाजी. सुकवून ठेवली की उन्हाळाभर पुरायची. अन् ओल्या पाल्याचा घोळाणा! बारीक चिरायचा, कांदा, तिखट-मीठ, दाण्याचा कूट, वरून कच्चं तेल. भाकरीबरोबर.” क्षणभर त्या गप्प झाल्या, मग ठणकावून म्हणाल्या, “पण फूल दिसलं की हात आवरायचा. फुलावर आलेल्या हरभऱ्यात बाई शिरली की मालक काठी घेऊन यायचा.”

“आणि तुरीचं?”

“तुरीचा शेंडा दोनदा. एकदा महिन्याची झाली की, अन् परत पंधरा-वीस दिवसांनी. पूर्वी इळ्यानं करायचो, हातानं करायचो. आता भाच्यानं बॅटरीवरचं यंत्र आणलंय, उभ्या उभ्या तासाच्या तासं छाटत जातं. पण खरी अक्कल कपाशीत लागती, मास्तरीण. तुरीचा कुठलाबी शेंडा चालतो. कपाशीत फांदी ओळखावी लागती.”

मी कप खाली ठेवला. हा भाग मला पुस्तकातून नीट कळलेला नव्हता.

“बग. खालून जी पहिली दोन-चार फांदी निघती ती गळफांदी. सरळ वर जाती, खोडाशी बरोबरी करती. ती जोमदार दिसती म्हणून माणूस खूश होतो. पण तिच्यावर थेट बोंड लागत नाही, तिला पुन्हा फांदी फुटंल तवा. तोवर ती खाती नुसती. वर निघती ती फळफांदी. ती आडवी जाती, पेऱ्यापेऱ्याला वाकडी होत, अन् प्रत्येक पेऱ्याला पातं. आमच्याकडं परभणीचे दादा लाड, त्यांनी हे शेतकऱ्यांना शिकवलं. कपाशी महिना-सव्वा महिन्याची झाली की गळफांदी काढून टाका, अन् पुढं अडीच महिन्यांच्या सुमाराला शेंडा खुडा. मग जे काय खाणं आहे ते फळफांद्यांना. लावायचीबी जवळ जवळ, कारण झाड पसरत नाही.”

“सगळ्यांनी ऐकलं?”

“कुठलं? आमचे हे दोन वर्षं म्हणत होते, हिरवीगार फांदी कापायची म्हणजे पाप. मी म्हणलं, एका कडेच्या चार ओळी माझ्या. त्याच्यात मी काय करायचं ते करीन. वेचणीला बायाच म्हणायल्या, ह्या ओळीत बोंड मोठंय. तवा ऐकलं.”

काकूंची सगळी विद्या त्या चार ओळींत होती. जोमदार दिसणारी फांदी आणि फळणारी फांदी वेगळी असू शकते. कुठल्या फांदीवर फळ येतं हे ठाऊक नसेल, तर कात्री हातात घेण्यात अर्थ नाही.

एवढ्यात पलीकडच्या बंगल्यातल्या बँकवाल्या वहिनी फाटकातून येताना दिसल्या आणि आम्हाला बघून हात हलवून पुढे गेल्या. काकू भिंतीला चिकटल्या.

“ह्यांच्या पोराचं कळलं का? जर्मनीत असतो तो. त्यानं बाल्कनीत म्हणे कसलीतरी झाडं लावलीत, अन् वहिनी कुणाला दाखवत नाहीत. मी फोटो मागितला तर म्हणल्या, तुळस आहे. तुळस असली तर लपवायची कशाला?”

मला ठाऊक होतं. वहिनींनी मला फोटो दाखवला होता, कारण त्यांना कळत नव्हतं की रागवायचं की नाही. मी आवाज खाली केला. “गांजा आहे, काकू.”

“अगं बाई!”

“तिकडे कायद्याने चालतं. १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडं लावता येतात. मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवायची, विकायची नाहीत. इथे मात्र तसलं डोक्यातही आणू नका. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे.”

“ते मला नको सांगू. आमच्याकडं कपाशीत, तुरीत आडोशाला लावतात अन् पोलीस उपटून नेतात, पेपरात येतंच.” काकूंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. “मग तो पोरगा शेंडा खुडतो का?”

“खुडतो! तेच तर. आईला अभिमानाने लिहिलंय त्याने. सरळ काठीसारखं झाड वाढलं, शेंडा खुडला, दोन फुटले. त्यांचे खुडले, चार झाले. खालच्या सावलीतल्या बारक्या फांद्या काढल्या. त्याला वाटतंय काहीतरी नवीन तंत्र शिकलाय.”

“तुरीचंच केलं की त्यानं.”

“तेच. फक्त एक फरक. गांजाला दिवस लहान व्हायला लागले की फुलोरा येतो. त्याच्या आधी खुडलं तर फांद्या फुटायला वेळ मिळतो, नंतर खुडलं तर जे यायचं तेच तुटतं.”

“म्हणजे हरभऱ्याचंबी झालं. फूल दिसलं की हात आवर.”

हा धंदा नवा नाही, हेही मी सांगितलं. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक मोठा आयोग नेमला होता. त्याच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या गांजाच्या लागवडीचं बारीक वर्णन आहे. पपईसारखीच ह्या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. नर झाड ओळखून उपटायला तिथे खास माणूस बोलावत, त्याला पोद्दार म्हणत. एखादं नर झाड राहिलं तर आख्ख्या रानात बी धरायचं आणि माल कमी दर्जाचा व्हायचा. आणि खालच्या फांद्या छाटून वरच्या तुऱ्यांना जोर देणं तेव्हाही चालायचं. आपल्याकडे मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यात सरकारी परवान्याने लागवड होत असे.

“नगरला? आपल्या नगरला?” काकूंचे डोळे ऑपरेशन केलेल्यासारखे मोठे झाले. “माझी चुलत सासू नगरचीच. उगाच नाही ती...” पुढचं त्यांनी गिळलं. “अन् हा पोद्दार पैसे चांगले घेत असंल.”

“घेत असणार. फांदी ओळखणाऱ्यापेक्षा झाड ओळखणाऱ्याला जास्तच.”

“मग नाशिककरांनी मला ठेवायला पाहिजे. इथं तर सगळी कामं छाटणीचीच.”

त्यात खोटं काही नव्हतं. सप्टेंबर संपत आला होता आणि दिंडोरी, निफाडकडे गोडी छाटणीची गडबड सुरू होणार होती. पेठ-सुरगाण्याकडून, डांगातून टोळ्या येतात, एकराच्या बोलीवर काम घेतात. द्राक्षाच्या वेलाला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलमधली खरड छाटणी म्हणजे जवळजवळ सगळं उतरवून एक-दोन डोळ्यांवर आणणं. त्यातून नवी काडी फुटते, आणि त्या काडीच्या डोळ्यांच्या आत, उन्हाळ्याच्या उन्हात, पुढच्या वर्षीचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. नवीन फुटीचे शेंडेही ह्या काळात ठरल्या पानांवर मारतात, म्हणजे वाढ थांबते आणि ताकद डोळ्यात जाते. मग ऑक्टोबरची गोडी छाटणी, त्यात काडी नेमकी अशा जागी कापायची की घड असलेला डोळा टोकाला राहील.

“मग आतला घड बाहेरून कसा कळतो?” काकूंनी विचारलं.

“काड्या तपासायला प्रयोगशाळेत देतात. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कितव्या डोळ्यात घड आहे. तो आकडा आला की मग कात्री. कापल्यावर राहिलेल्या डोळ्यांना पेस्ट लावतात, म्हणजे सगळे एकदम फुटतात.”

“बघून कापतात!” काकू खूश झाल्या. “आमच्या कपाशीत नुसत्या डोळ्यांनी दिसतं, ह्यांना यंत्र लागतं, पण कापतात बघूनच. ते साहेबांना दाखवायला पाहिजे.” मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली. “अन् त्या जावयाचं काय झालं? मागल्या गल्लीतल्या? दसऱ्याला झेंडू विकणार होता तो.”

जावयाचं खरोखर वाईट झालं होतं. त्याने सासऱ्यांच्या मोकळ्या प्लॉटवर झेंडू लावला. रोपं लावून महिनाभर झाला की शेंडा खुडायचा असतो, म्हणजे झाड झुपकेदार होतं, फुलं वाढतात. तो महिनाभर कुठल्यातरी लग्नाला आणि मग गावाला गेला. परत आला तर झाडांना कळ्या. कुणीतरी सांगितलं, शेंडे खुडले की उत्पन्न वाढतं, म्हणून त्याने कळ्यांसकट सगळे शेंडे खुडून टाकले. उत्पन्न वाढणार हे खरंच, पण शेंडा खुडला की फुलायला काही आठवडे उशीर होतो.

“म्हणजे दसरा गेला,” काकू म्हणाल्या.

“दिवाळीला येतील.”

“मग काय वाईट? दिवाळीला भाव असतोच. सासऱ्याला सांगू नको, जावयानं मुद्दाम केलं म्हणू.” काकू कुणाचीही लाज अशी राखतात, जोवर तो कोपऱ्यावरचा साहेब नसेल तोवर.

साहेबांचं नाव मनात यायला आणि फाटकाशी सायकल टेकायला गाठ पडली. माळीबाबा. पाठीवर लांब दांड्याची करवत, पिशवीतून डोकावणारा मोरचुदाचा पुडा.

“कुठं निघालास रे?” काकूंनी भिंतीवरूनच अडवलं.

“सोसायटीच्या आंब्याला. साहेबांनी सांगितलंय, सगळीकडनं दोन दोन हात छाट.”

“कापल्यावर लावायला काय आणलंस?”

“मोरचूद आन् चुना. एकाला एक, दहा लिटर पाण्यात. बोर्डो पेस्ट.”

“हे शहाणपणाचं. अन् परवानगी?” हे मी विचारलं. शहरातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारल्याशिवाय फांदी उतरवता येत नाही. माळीबाबांनी खांदे उडवले. ते साहेबांना ठाऊक, म्हणाले.

काकू मात्र कायद्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी माळीबाबांना जवळ बोलावलं.

“मला सांग बाबा, आंब्याला मोहर कुठं येतो?”

“शेंड्याला.”

“कुठल्या? आज कापल्यावर जो फुटंल त्याला का?”

“न्हाई काकू. पिकलेल्या काडीला येतो. जुनी फूट पायजे, चार-सहा महिन्यांची. आता कापलं तर नुसती पालवी येईल, तांबडी तांबडी. ह्या साली आंबा न्हाई.”

“मग छाटणी कवा करायची?”

“आंबे उतरले की लगेच. पावसाच्या तोंडाला.”

“एवढं सगळं ठाऊकाय, तरी करवत घेऊन निघालास?”

“साहेबांनी सांगितलंय ना, काकू.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “तर साहेबांना जाऊन सांग, वायरीकडची एक फांदी परवानगी घेऊन उतरवतो, बाकीच्यांना आंबे खाऊन झाल्यावर हात लावतो. काकू म्हणल्या म्हण. अन् रिकाम्या हातानं आलास असं नको, माझ्याकडं ये. तो कढीपत्ता नुसता उंच उंच गेलाय, पानं तोडायला शिडी लागती. त्याला कमरेवर आण. पण आधी नळावर जा अन् हात धू.”

“का?”

“ह्या बाईला विचार,” काकू माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या आणि आपली मिश्रीची डबी कमरेला नीट खोचून कढीपत्त्याकडे निघाल्या.